एका डिसेंबरात तीन नाताळ

कोरियाचं युद्ध 25 जून 1950 रोजी पेटलं आणि 27 जुलै 1953 रोजी थांबलं. महिने मोजले तर 37. त्या युद्धातल्या एका फिरत्या लष्करी इस्पितळावरची ‘मॅश’ ही अमेरिकी विनोदी मालिका सीबीएस वाहिनीवर 17 सप्टेंबर 1972 ला सुरू झाली आणि 28 फेब्रुवारी 1983 ला संपली. 11 पर्वं, अडीचशेच्या वर भाग. युद्ध चाललं त्याच्या तिपटीहून जास्त काळ त्याची मालिका चालली. एवढ्या पसाऱ्यात तारखांचा मेळ बसणार कसा? तो बसलेला नाही, आणि रसिकांची निम्मी मजा त्यातच आहे.

या घोळांचा मुकुटमणी कर्नल शेरमन पॉटर यांच्या नावावर जमा आहे. हॅरी मॉर्गन यांनी रंगवलेले हे म्हातारे घोडेस्वार चौथ्या पर्वात तळाचा ताबा घेतात. तारीख मालिकेनंच सांगितली आहे : 19 सप्टेंबर 1952. तिथून युद्धबंदीपर्यंत डिसेंबर एकच येतो. त्या एका डिसेंबरात पॉटरसाहेबांनी तीन नाताळ साजरे केले : ‘डिअर सिस’ (1978), ‘डेथ टेक्स अ हॉलिडे’ (1980) आणि ‘ट्वाज द डे आफ्टर ख्रिसमस’ (1981). हेही कमी पडलं म्हणून की काय, ‘अ वॉर फॉर ऑल सीझन्स’ हा भाग 1950 च्या 31 डिसेंबरला सुरू होऊन 1951 च्या 31 डिसेंबरला संपतो, आणि दोन्ही रात्री तळाचे प्रमुख पॉटरच. बदलीवर येण्याच्या पावणेदोन वर्षं आधी हजर!

हे मी चिंचोळी एमआयडीसीत बसून लिहितो आहे. सोलापूर-पुणे रस्त्यावरच्या या वसाहतीत औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत, आणि औषधांच्या कारखान्यात तारीख ही चेष्टेची गोष्ट नसते. बॅच रेकॉर्डमध्ये चूक झाली तर खाडाखोड चालत नाही, पांढरी शाई तर नाहीच. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर नोंद करायची आणि सही-तारीख टाकायची. असं काम करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याला मी ही मालिका दाखवली. त्यानं तिसऱ्याच दिवशी विचारलं, “सर, हे पॉटरसाहेब बावन्नला आले म्हणता, मग एक्कावन्नचं न्यू इयर कसं करायलेत ओ?” प्रश्न रास्त होता. मॅश ही बॅच म्हणून कुठल्याही तपासणीत नापास झाली असती. मग ती इतकी टिकली कशी, हे पाहण्यासारखं आहे.

आधी बाकीचे किरकोळ घोळ उरकून टाकू. शल्यविशारद हॉकाय पिअर्स हा मालिकेचा नायक, ॲलन आल्डा यांनी अजरामर केलेला. पहिल्या पर्वात तो वडिलांना लिहिलेल्या पत्रात आई आणि बहिणीला प्रेम कळवतो. पुढे कळतं की तो एकुलता एक आहे आणि आई त्याच्या लहानपणीच गेली. घरही आधी व्हरमाँटमध्ये असतं, नंतर मेनमधल्या क्रॅबॲपल कोव्ह या गावी जाऊन स्थिरावतं. पहिले प्रमुख हेन्री ब्लेक यांची बायको आधी मिल्ड्रेड असते, मग तिची लोरेन होते. मिल्ड्रेड हे नाव वाया जाऊ नये म्हणून ते पॉटर यांच्या बायकोला मिळतं. मधल्या काळात शिकागोहून बरगड्या पाठवणारी बाईसुद्धा मिल्ड्रेडच. पॉटर यांना भेट मिळालेला घोडा पुढे सोफी नावाची घोडी होतो. एका भागात कारकून रेडारच्या हाती ॲव्हेंजर्सचं कॉमिक दिसतं, जे निघालंच 1963 मध्ये. आणि कोरियाच्या थंडीत कुडकुडणारी ही मंडळी प्रत्यक्षात कॅलिफोर्नियातल्या मालिबूच्या डोंगरात, जाड कोट घालून उन्हात घाम गाळत होती.

असल्या चुकांनी कलाकृती बुडत नाही. कॉनन डॉयल यांनी डॉ. वॉटसनची जखम एका कादंबरीत खांद्यावर आणि दुसरीत पायावर दाखवली. वाचकांनी तक्रार करण्याऐवजी त्यावर शंभर वर्षं आनंदानं वाद घातला. चूक शोधायला माणूस बसतो तो प्रेमापोटी. न आवडलेल्या गोष्टीच्या तारखा कोण जुळवून पाहतं?

आता विनोदाकडे वळू. मॅशमधला माझा सर्वांत आवडता विनोद कागदपत्रांचा आहे. क्लिंगर हा टोलेडो गावचा शिपाई, सैन्यातून सुटका व्हावी म्हणून बायकांचे कपडे घालून फिरणारा. ‘मेल कॉल’ या भागात तो हेन्रीकडे घरचं पत्र घेऊन येतो : वडील अत्यवस्थ आहेत, सोडा. हेन्री शांतपणे त्याची फाईल काढतो आणि जुने अर्ज वाचू लागतो. वडील अत्यवस्थ. आई अत्यवस्थ. आईवडील दोघंही अत्यवस्थ. आई अत्यवस्थ आणि थोरली बहीण गरोदर. थोरली बहीण अत्यवस्थ आणि आई गरोदर. शेवटी एक जुना, खास ठेवणीतला अर्ज : अर्धं घर अत्यवस्थ, उरलेलं अर्धं गरोदर. हेन्री विचारतो, लाज नाही वाटत? क्लिंगर मान खाली घालून म्हणतो, वाटते साहेब, सैन्यात राहायची माझी लायकीच नाही.

या विनोदाची वीण पाहा. वाचन चालू असताना एकही टोमणा येत नाही. हेन्री नुसती नोंद वाचतो, आणि दोनच शब्दांची अदलाबदल होत होत घरभर मरण आणि जन्म खेळू लागतात. आपण हसतो ते यादीच्या शिस्तीला. मग शेवटच्या वाक्यात पकडला गेलेला क्लिंगर कबुलीजबाबाचाच नवा अर्ज करतो. हार मानतानाही तो मूळ मागणी सोडत नाही. पाळीवर माणसं कमी असताना रजेचे अर्ज ज्यानं वाचले आहेत, आणि एकाच माणसाची आजी दोनदा वारलेली पाहिली आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. लेखकांची करुणा अशी, की या अर्जांमागचं खरं कारण, म्हणजे मरायचं नाही एवढंच, ते कुणी मोठ्यानं बोलत नाही.

दुसरा विनोद ‘फाइव्ह ओक्लॉक चार्ली’मधला. रोज संध्याकाळी पाचला उत्तर कोरियाचा एक वैमानिक खटारा विमान घेऊन येतो, तळाजवळच्या दारूगोळ्याच्या साठ्यावर एक बॉम्ब टाकतो आणि रोज चुकतो. किती अंतरानं चुकेल यावर तळावर पैजा लागतात. शत्रूची वेळ चुकत नाही, नेम तेवढा चुकतो. त्यामुळे तो सगळ्यांना घरचाच वाटू लागतो. फक्त फ्रँक बर्न्स या तिथल्या डॉक्टरला देशाभिमान आवरत नाही. तो तोफ मागवतो. तोफ येते, आणि ज्या साठ्याला चार्लीला कधी धक्का लावता आला नाही, तो स्वतःच्याच तोफेनं उडतो. युद्धात मूर्खपणापेक्षा कार्यक्षम मूर्खपणा घातक असतो, हे इथे एकाही भाषणाशिवाय सांगून होतं.

‘ॲडम्स रिब्स’मध्ये मेसमधल्या रोजच्या काळीज-मासळीला विटलेला हॉकाय शिकागोच्या एका हॉटेलातून भाजलेल्या बरगड्या मागवतो. फोन, वशिले, खोटे कागद, वैद्यकीय सामान म्हणून पार्सल : सगळं यंत्र कामाला लागतं. बरगड्या येतात, टेबल मांडलं जातं आणि घास तोंडाशी नेताना जखमी येऊन पोचतात.

हा शेवट मालिकेचा कणा आहे. मॅशमधला विनोद बहुधा पुरा होऊ दिला जात नाही. पैज, चेष्टा, पार्टी, भांडण काहीही रंगात आलेलं असो, रेडारला इतरांच्या आधी हेलिकॉप्टर ऐकू येतं, कर्ण्यावर घोषणा होते आणि माणसं हातातलं टाकून धावतात. तारखांचं सातत्य नसलेल्या या मालिकेत विनोद मध्येच तोडण्याचं हे सातत्य मात्र अकरा वर्षं टिकलं. मालिकेचे जनक लॅरी गेलबार्ट यांना पडद्यामागचा छापील हशा मुळीच नको होता. वाहिनीनं तो लादला. शेवटी तडजोड झाली : इतरत्र हशा चालेल, पण शस्त्रक्रिया चालू असताना नाही. शस्त्रक्रियेच्या तंबूत हॉकाय विनोद करतो तेव्हा कुणी हसत नाही; फक्त हत्यारांचा आवाज येतो. बाहेर तोच माणूस करमणूक करणारा वाटतो, आत मात्र हात थरथरू नयेत म्हणून बोलत राहणारा. आवाजाच्या पट्टीतला एक बदल आणि त्याच विनोदाचा अर्थ फिरतो.

याच तंबूत मालिकेतली सर्वांत सुंदर चूक घडली आहे. 18 मार्च 1975 च्या ‘ॲबिसिनिया, हेन्री’ या भागात हेन्री ब्लेक सैन्यातून मोकळा होऊन घरी निघतो. निरोप, मिठ्या, थट्टा होते. शेवटच्या दृश्यात रेडार शस्त्रक्रियेच्या तंबूत येतो आणि वाचून दाखवतो की हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही. बहुतेक नटांना हे पान चित्रीकरणाच्या अगदी शेवटी दिलं गेलं होतं. बातमीनंतरच्या शांततेत कुणाच्या तरी हातून एक हत्यार निसटून खणकन पडतं. ते लिहिलेलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर दृश्य पुन्हा घेतलं असतं. इथे आवाज ठेवला गेला. डॉक्टरांचे हात थांबत नाहीत, डोळे टाक्यांवरून हलत नाहीत, पण त्या एका खणकन आवाजात सगळ्या तंबूचं रडणं आहे.

माणसांच्या बाबतीत मालिकेनं केलेल्या चुका मात्र अशा नजरेआड करण्याजोग्या नाहीत. पहिल्या पर्वात ऑलिव्हर जोन्स हा कृष्णवर्णीय शल्यविशारद हॉकायच्याच तंबूत राहतो. टिमथी ब्राऊन ती भूमिका करायचे. काही भागांनंतर तो नाहीसा होतो. बदली नाही, निरोप नाही, उल्लेख नाही. कोरियातल्या अशा इस्पितळांत कृष्णवर्णीय शल्यविशारद नव्हतेच, असा निर्मात्यांचा समज झाला आणि एक माणूस पुसला गेला. आता त्याच पर्वातला ‘टटल’ आठवा. कॅप्टन टटल अस्तित्वातच नाही. अनाथाश्रमाला सामान देता यावं म्हणून हॉकायनं रचलेलं नाव आहे ते. पण त्याची फाईल तयार होते, पगार निघतो, हळूहळू सगळ्यांना तो भेटल्याचं आठवू लागतं, सेनापती त्याला पदक द्यायला निघतो. मग नाइलाजानं त्याला मारावं लागतं : हेलिकॉप्टरमधून उडी मारली, सामान घेतलं, पॅराशूट राहिलं. श्रेयनामावलीतही टटलची भूमिका टटलनंच केल्याची नोंद आहे. कागद असला की नसलेला माणूस हुतात्मा होतो, हा त्यातला विनोद फार वरच्या दर्जाचा आहे. तो पाहताना जोन्स आठवला की हसू अर्ध्यावर अडकतं. नसलेल्याला अंत्यविधी मिळाला आणि असलेल्याला रामराम मिळाला नाही. मालिकेवरचा हा डाग मला धुऊन काढता येत नाही.

पण बाकी ठिकाणी मॅशनं स्वतःच्या चुकीकडे वळून पाहिलं, हे तिचं मोठेपण. सुरुवातीला मुख्य परिचारिका मार्गारेट ही निव्वळ थट्टेचा विषय होती. पाचव्या पर्वातल्या ‘द नर्सेस’मध्ये ती हाताखालच्या मुलींना विचारते की, तुमच्यापैकी एकीनं तरी मला कधी कॉफीला बोलावलं का? तिथून तिच्यावरचे विनोद बदलतात. केली नाकाहारा या अभिनेत्रीचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. वर्षानुवर्षं ती मागच्या रांगेत उभी असायची आणि तिला कधी नर्स एबल, कधी नर्स बेकर म्हटलं जायचं. मुळाक्षरांच्या क्रमानं दिलेली ही नावं म्हणजे नाव न देणंच. अकराव्या पर्वात, 1982 साली, ‘हे, लुक मी ओव्हर’ हा पूर्ण भाग तिच्यासाठी लिहिला गेला. त्यात ती हॉकायला सुनावते की, तू सगळ्या मुलींकडे पाहिलंस, माझ्याकडे कधीच नाही. हा आरोप हॉकायवर आहे तितकाच लेखकांवर आहे, आणि त्या भागाच्या लेखनात स्वतः आल्डा होते. चुकीवर रेघ मारून, खालचं दिसेल असं ठेवून, शेजारी बरोबर नोंद.

सोलापूरकराला ही मालिका परकी वाटण्याचं कारण नाही. आघाडीवरच्या शल्यविशारदाची गोष्ट आपल्याच गावात सुरू झाली होती. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 1910 साली सोलापूरचा. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर डोंगराळ आघाडीवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, 32 व्या वर्षी, तिथेच गेले. त्यांनी ज्या लष्कराचे जखमी शिवले, त्याच लष्कराचे वारस आठ वर्षांनी कोरियात मॅशच्या समोरच्या बाजूला होते. हॉकायच्या टेबलावर अधूनमधून एखादा चिनी शिपाई येतो आणि डॉक्टर त्याला इतरांसारखाच शिवतात, तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आपला एक माणूस उभा होता हे आठवतं.

आणि कोरियातही आपण होतो. भारतानं लढाऊ फौज पाठवली नाही, डॉक्टर पाठवले : 60 वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स, प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. 1950 च्या डिसेंबरात प्याँगयाँग सोडताना वाहनं पुरेनात, तेव्हा या पथकानं एक वाफेचं इंजिन मिळवलं, स्वतःच चालवलं आणि सगळं सामान घेऊन बाहेर पडलं. हा प्रसंग मॅशमध्ये असता तर आपण अतिशयोक्ती म्हणून हसलो असतो. युद्धबंदीनंतर कैद्यांची जबाबदारी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे.

आता शेवटच्या भागाबद्दल. ‘गुडबाय, फेअरवेल अँड आमेन’ हा अडीच तासांचा भाग आल्डा यांनी दिग्दर्शित केला आणि अमेरिकेत सुमारे साडेदहा कोटी लोकांनी तो पाहिला. चित्रीकरणाच्या काळात मालिबूत वणवा लागून तळाचा सेट जळाला. लेखकांनी वणवा कथेतच घेतला. सुटकेसाठी वर्षानुवर्षं नाटकं केलेला क्लिंगर प्रेमात पडून कोरियातच राहतो. सगळ्या अर्जांची सव्याज परतफेड करणारा हा विनोद. पण भागाचा गाभा वेगळा आहे. हॉकाय मनोरुग्णालयात आहे. मानसोपचारतज्ज्ञ सिडनी फ्रीडमनला तो एका बसप्रवासाची हकिगत सांगतो. बसमध्ये दारूची बाटली फिरत होती. नंतर शत्रूची गस्त जवळ आली, सगळ्यांनी गप्प राहायचं होतं, आणि मागे एका बाईची कोंबडी ओरडत होती. हॉकाय तिला दटावतो, आणि ती कोंबडीला गुदमरवून गप्प करते. सिडनी पुन्हा पुन्हा तोच प्रवास सांगायला लावतो. बाटली दारूची नव्हती, जखमी शिपायासाठी प्लाझ्माची होती. आणि ती कोंबडी नव्हती. त्या बाईचं बाळ होतं.

अकरा वर्षं तारखा, बायका, घोडे आणि गावं विसरणाऱ्या मालिकेनं शेवटी विसरण्यालाच हात घातला. हॉकायच्या मनानं केलेला हा फेरफार म्हणजे लेखकांच्या निष्काळजीपणाचा नेमका उलटा प्रकार आहे. पॉटर यांचे तीन नाताळ कुणी दुरुस्त केले नाहीत, कारण त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. ही एक नोंद दुरुस्त करावीच लागली, कारण ती चुकीची राहिली असती तर माणूस बरा झाला नसता. आणि जो माणूस अकरा वर्षं प्रत्येक गोष्टीचा विनोद करत आला, त्याच्या मनानं भयंकर गोष्टीच्या जागी कोंबडी ठेवावी, यात विनोदाचं बळ आणि विनोदाची मर्यादा दोन्ही आहेत. विनोद सोसायला मदत करतो. सत्याची जागा घेऊ लागला की तो रोग होतो. टीव्हीवरच्या कुठल्याही विनोदी मालिकेनं स्वतःच्या धंद्याविरुद्ध इतकी प्रामाणिक साक्ष दिल्याचं मला माहीत नाही.

मॅश सलग पाहायला बसू नका. पहिल्या पर्वातले बायकांवरचे विनोद आज शिळे लागतील आणि शेवटच्या पर्वांत उपदेश कधी कधी जड होतो. ‘टटल’, ‘फाइव्ह ओक्लॉक चार्ली’, ‘मेल कॉल’, ‘ॲडम्स रिब्स’, ‘ॲबिसिनिया, हेन्री’, ‘द नर्सेस’, ‘हे, लुक मी ओव्हर’ आणि शेवटचा भाग, एवढे या क्रमानं पाहा. डीव्हीडीवर छापील हशा वगळून ऐकण्याची सोय आहे, तीच निवडा. कुठे हसायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.